परसातला चीरक आणि फडातले पाचट



गळीत हंगाम सुरू झाला की टोळी कधी येणार, गाडी कधी लागणार, या घोरापुढे आपल्याला दुसरे काही सुचत नाही. तरी थंडीच्या दिवसांत एकदा सकाळी परसदारी दहा मिनिटे निवांत बसून पाहावे. सरपणाच्या ढिगावर, न्हाणीच्या सांडपाण्याकाठी एक काळे पाखरू शेपटी उभी करून टुणटुण उड्या मारताना दिसेल. हा चीरक. इंग्रजीत यालाच इंडियन रॉबिन म्हणतात. विलायतेतल्या रॉबिनची छाती तांबडी असते. आपल्या चीरकाचा तांबडा रंग मात्र शेपटीखाली दडलेला. नर काळा, पंखावर पांढरा पट्टा, मादी मातकट. उन्हाळ्याच्या तोंडाला ही जोडी बांधाच्या फटीत किंवा भिंतीच्या भोकात घरटे करते आणि त्यात पुष्कळदा सापाची कात आणून घालते!

चीरकाचा मोठा भाऊबंद म्हणजे काळापांढरा दयाळ. उन्हाळ्यात झाडाच्या शेंड्यावरून गोड शीळ घालणारा हा गवई थंडीत मुका होऊन झुडपातून फिरतो. तिसरा थिरथिरा. हा पाहुणा हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून येतो, हिवाळा आपल्याकडे काढतो आणि परत जातो. त्याची विटकरी शेपटी सारखी थरथरत असते, म्हणून हे नाव. तिघांचाही मुख्य आहार किडे, मुंग्या, अळ्या, कोळी.

आता आमच्या घरची गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी घरामागच्या वीस गुंठ्यांतला ऊस डिसेंबरात तुटला. खोडवा राखायचा होता. मजूर मिळेना, म्हणून पाचटाला काडी लावली. अर्ध्या तासात रान काळे झाले. मला वाटले, काम उरकले.

आमच्या आईचे गुडघे गेलेत. सकाळी परसात उन्हाला बसायचे आणि पाखरे बघायची, एवढाच तिचा विरंगुळा. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आरं, ती काळ्या पाखराची जोडी कुटं गेली रं? दिसंना झालीया." मी म्हटले, येईल की. पण त्या हिवाळ्यात जोडी काही आली नाही. आई रोज विचारायची आणि मी रोज काहीतरी सांगायचो.

एका घरच्या अनुभवावरून शास्त्र ठरत नाही, हे मला कळते. पण पाचटाबरोबर त्यातले किडे आणि कोळीही जळतात, मग पाखराने तिथे काय खावे? आणि नुकसान काय एकट्या पाखराचेच होते? हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते जाळले की सेंद्रिय खत आपल्याच हाताने धुरात जाते आणि जमिनीतले जिवाणूही होरपळतात.

गेल्या हंगामात काडी लावली नाही. बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट सरीत दाबले, त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजविणारे जिवाणू टाकून पाणी दिले. आच्छादनामुळे ओल टिकली, तणही कमी उगवले. चीरक आला म्हणजे कीड संपली, असे मात्र कोणी समजू नये. हुमणीचा बंदोबस्त वेगळा करावाच लागतो. पण फुकटचा राखणदार आपण होऊन का हाकलावा?

राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. ५ तारखेला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ तारखेला डॉ. सालिम अली यांचा. नेमके तेव्हाच आपले बॉयलर पेटलेले किंवा पेटण्याच्या बेतात असतात. त्या आठवड्यात प्रत्येक सभासदाने निदान एका फडाचे पाचट न जाळण्याचे ठरवावे. खताचे प्रमाण कारखान्याच्या शेती विभागाकडे विचारून घ्यावे.

गेल्या जानेवारीत एका सकाळी आईने आतल्या खोलीपर्यंत ऐकू येईल अशी हाक मारली, "आरं, आली बग जोडी!"

मी हातातला चहा तसाच ठेवून बाहेर गेलो.