नैराश्यावर उपचार : पदवी नसलेले समुपदेशक

नैराश्यावर उपचार करायला मानसोपचारतज्ज्ञच हवा, असं आपण धरून चालतो. पण तज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी आणि झोप उडालेली बाई तिच्या वाडीत. मग तिच्यापर्यंत पोहोचायचं कुणी?

गोव्यातलं उदाहरण घेऊ. 'संगाथ' संस्थेने मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा घरी, सहा ते आठ भेटींत ते रुग्णाशी बोलत. बोलायचं म्हणजे काय, नुसता धीर द्यायचा का? नाही. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो: शेजारी जाणं, भजन, बाजार. जितकं सोडतो, तितकं मन खचतं. म्हणून मन बरं होण्याची वाट न पाहता एक लहानशी गोष्ट आजच ठरवायची. पुढच्या भेटीत ती जमली का ते पाहायचं. नसेल जमली, तर अडलं कुठे ते शोधायचं.

या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. तीन महिन्यांनी अशा रुग्णांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. समुपदेशन न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

याचा अर्थ 'हे कुणालाही जमतं' असा काढला, तर आपण फसू. हे समुपदेशक भेटींची ध्वनिमुद्रणं एकत्र बसून ऐकत, एकमेकांच्या कामाला गुण देत. आशाताईंच्या हातात आणखी एक रजिस्टर देऊन हे होणार नाही. त्यांना वेळ आणि मानधन हवं. आणि जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा रुग्णाच्या तोंडून आली, तर त्याच दिवशी फोन उचलणारा डॉक्टर हवा.