सोयापेंडीविना अंड्यांच्या कोंबड्यांचे खाद्य



उसाचे बिल हप्त्याने येते, घरखर्च मात्र रोजचा असतो. म्हणून आपल्यापैकी बरेच जण दोनशे-पाचशे कोंबड्यांचा जोडधंदा करतात. या धंद्यातला ६० ते ७० टक्के खर्च एकट्या खाद्याचा असतो. ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीन क्विंटलला १०,००० रुपयांच्या आसपास गेले. पेंड इतकी महागली, की केंद्र सरकारला १२ लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी द्यावी लागली. अशी वेळ पुन्हा आली तर काय करावे, याचा विचार आधीच केलेला बरा.

सोयापेंडीवाचून कोंबडी अंडी देत नाही असे नाही. सोयाबीनचा पेरा वाढण्यापूर्वी आपल्याकडे शेंगदाणा पेंड आणि सुकी मासळी यांवरच खाद्य चालत होते. पण सोयापेंड काढली आणि तेवढीच दुसरी पेंड टाकली, असे करून भागत नाही.

प्रथिनांचा आकडा पुरेसा नाही

उसाला युरिया भरपूर दिला आणि पालाश दिलेच नाही, तर युरिया वाया जातो. कोंबडीचेही तसेच आहे. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांतले लायसिन किंवा मेथिओनिन कमी पडले, की बाकीची प्रथिने अंड्याच्या कामी येत नाहीत. सोयापेंडीत लायसिन भरपूर असते, ही तिची खरी किंमत. शेंगदाणा पेंडीत प्रथिने जवळजवळ तेवढीच, पण लायसिन निम्म्याच्या आसपास. तीळ आणि सूर्यफूल पेंडीत मेथिओनिन चांगले, लायसिन मात्र कमी. सुक्या मासळीत दोन्ही असतात. म्हणून एकाच पेंडीवर भिस्त न ठेवता तीन-चार वस्तू मिसळाव्यात आणि उरलेली उणीव विकतच्या लायसिन-मेथिओनिनने भरावी.

१०० किलो खाद्याचे मिश्रण (अंड्यावरील कोंबड्यांसाठी)

मका भरडा — ५० किलो
शेंगदाणा पेंड — १४ किलो
सूर्यफूल पेंड — ९ किलो
तीळ पेंड — ४ किलो
सुकी मासळी — ४ किलो
तांदळाचे पॉलिश — ९ किलो
शिंपले भरड — ८ किलो १०० ग्रॅम
डायकॅल्शियम फॉस्फेट — १ किलो
खनिज-जीवनसत्त्व मिश्रण — ५०० ग्रॅम
मीठ — २५० ग्रॅम
लायसिन — १०० ग्रॅम
मेथिओनिन — ५० ग्रॅम

हिशेब असा : मक्यात ९ टक्के धरून साडेचार किलो प्रथिने, शेंगदाणा पेंडीत ४२ टक्क्यांनी पावणेसहा किलोच्या वर, सूर्यफुलात ३० टक्क्यांनी २.७, तिळात ४० टक्क्यांनी १.६, मासळीत ४५ टक्क्यांनी १.८ आणि पॉलिशमध्ये १ किलोच्या वर. एकूण सुमारे साडेसतरा टक्के. अंड्यावरील कोंबडीला १६ ते १८ टक्के लागतात. शिंपल्यांमुळे कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास राहते. हे खाद्य पिलांना किंवा मांसल कोंबड्यांना घालू नये. एवढे कॅल्शियम वाढत्या पिलांच्या मूत्रपिंडाला बाधते.

पेंड घेताना

पेंडीचा भाव किलोवर नव्हे, प्रथिनांवर काढा. समजा शेंगदाणा पेंड ४० रुपये किलो आणि प्रथिने ४० टक्के. म्हणजे एक किलो प्रथिने १०० रुपयांना पडली. सूर्यफूल पेंड ३३ रुपयांना मिळाली पण प्रथिने २८ टक्केच, तर तीच प्रथिने ११८ रुपयांना पडतात. स्वस्त दिसलेली पेंड महाग ठरली! शिवाय सूर्यफूल पेंडीत चोथा जास्त, म्हणून ती हात राखूनच वापरावी.

शेंगदाणा पेंडीचा मोठा धोका बुरशीचा. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची लाखभर पिले दगावली. शोध घेता कारण निघाले बुरशी लागलेली शेंगदाणा पेंड. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष उजेडात आले. ते उन्हात वाळवून किंवा उकळून जात नाही. म्हणून कुबट वासाची, गाठी झालेली पेंड फुकट मिळाली तरी घेऊ नये. पोती भिंतीला न टेकवता फळ्यांवर रचावीत.

सरकी पेंड जनावरांना ठीक, पण अंड्यावरील कोंबडीला नको. तिच्यातील गॉसिपॉलमुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो. मासळीत वाळू आणि मीठ किती आहे ते पाहावे. मासळी खारवलेली असेल तर वरचे मीठ बंद करावे.

आपल्या मळीविषयी पुष्कळ जण विचारतात. खाद्याची धूळ बसावी म्हणून दोन-तीन टक्के चालते. जास्त घातली तर तिच्यातील पालाशमुळे विष्ठा पातळ होते, गादी ओली राहते. धान्यापासून इथेनॉल करणाऱ्या डिस्टिलरीचा सुका चोथाही हल्ली मिळतो. त्यात प्रथिने धान्याच्या सुमारे तिप्पट होतात, पण धान्यात विष असेल तर तेही तिप्पट होते. तपासणीचा दाखला पाहिल्याशिवाय तो घेऊ नये.

बदल हळूहळू करा

लायसिन, मेथिओनिन, खनिजे आधी दोन-तीन किलो मका पिठात मिसळावीत, मग सगळ्या ढिगात. नाही तर एका कोंबडीला सगळे आणि दुसरीला काहीच नाही, असे होते. जुने खाद्य एकदम बंद करू नये. आठ-दहा दिवसांत थोडे थोडे बदलावे. कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते, म्हणजे ५०० कोंबड्यांना रोज ५५ किलो लागते. एका वेळी आठवड्यापुरतेच खाद्य करावे.

अंड्यांची रोजची नोंद वहीत ठेवा. बदलानंतर अंडी घटली किंवा आकार लहान झाला, तर पेंडीचा नमुना पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा पशुखाद्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या. तपासणीला शे-पाचशे गेले तरी ते कळप बसण्यापेक्षा स्वस्तच पडतात.