वजन घटविणारा डबा आणि आमचा हिशेब

भाईंदरहून सकाळची लोकल पकडणाऱ्या बंधू-भगिनींना गाडीच्या पत्र्यावर चिकटवलेली जाहिरात आता पाठ झाली असेल. महिन्यात १० किलो वजन घटवा, व्यायाम नको, पथ्य नको! आमच्या शेजारच्या एका वहिनींनी असाच पावडरचा डबा आणला. घरकाम करून साठवलेले अडीच हजार रुपये त्यात गेले. पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो खाली आला. पण जुलाब लागले, छातीत धडधड सुरू झाली, झोप उडाली. डॉक्टरांनी डबा बंद करायला लावला आणि वजन पुन्हा जागेवर आले.

असे का झाले? जुलाबाने अंगातले पाणी जाते, चरबी नाही. आम्ही कारकून माणसे, हिशेब मांडून पाहिला. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. महिन्यात १० किलो चरबी घटवायची तर रोज अडीच हजारांहून अधिक कॅलरी कमी व्हायला हव्यात. कष्टकरी बाईचे दिवसभराचे जेवणसुद्धा एवढे भरत नाही!

छातीतल्या धडधडीचे कारण प्रत्येक डब्यात एकच असेल असे नाही. पण सिब्युट्रामिन नावाचे औषध लक्षात ठेवावे. हृदयविकार व पक्षाघाताच्या धोक्यामुळे भारतात २०११ साली त्यावर बंदी आली. तरीही 'शुद्ध वनस्पती' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात ते चोरून मिसळलेले देशोदेशीच्या तपासण्यांत सापडले आहे. लेबलवर त्याचे नाव नसते.

वनस्पती म्हणजे निर्धोक, हाही भ्रमच. गार्सिनिया कंबोजिया ही आपल्या कोकमाची बहीण. सोलकढीने कुणाचे बिघडत नाही. पण तिच्या अर्काच्या गोळ्यांनी वजनात नाममात्रच फरक पडतो, आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

कायदा काय सांगतो? १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यानुसार लठ्ठपणा बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करणे हाच गुन्हा आहे. पूरक आहाराच्या डब्यावर तर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापणे बंधनकारक आहे. तेव्हा चष्मा लावून लेबल वाचा. फसवणूक दिसली तर अन्न व औषध प्रशासनाच्या ठाणे कार्यालयात लेखी तक्रार द्या. डबा व पावती जपून ठेवा.

वजन खरोखरच वाढले असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. भाईंदर पश्चिमेला भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे. वाढीमागे थायरॉइड असू शकतो. वजन कमी करणारी खरी औषधे आहेत, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. एरवी गोड चहा व तळण कमी, भाकरी, डाळ, पालेभाजी आणि रोज अर्धा तास भरभर चालणे. आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ झाले.

वहिनींचे अडीच हजार बुडाले, जीव वाचला. तुमच्या घरातला डबा आजच तपासा.