त्रिनिदादचा पाहुणा

वेस्ट इंडीज हे नाव क्रिकेटच्या वार्तांमुळे तुम्हां सर्वांच्या कानांवरून गेलेले असेल. परंतु मुलांनो, वेस्ट इंडीज हा एक देश नव्हे. उत्तर आणि दक्षिण अमेरिका या दोन खंडांच्या मध्ये कॅरिबियन समुद्र पसरलेला आहे. त्याच्या काठाने धनुष्यासारखी वळलेली बेटांची जी लांबच लांब माळ आहे, तिला हे नाव पडले. या माळेच्या अगदी दक्षिण टोकाला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ११ किलोमीटरांवर, त्रिनिदाद हे बेट आहे आणि त्याच्या ईशान्येस टोबॅगो हे त्याचे धाकटे भावंड. ३१ ऑगस्ट १९६२ रोजी ही दोन बेटे मिळून एक स्वतंत्र राष्ट्र झाले. त्याचा विस्तार साधारणतः आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढा आहे.

थंड प्रदेशांतील असंख्य लोक दरवर्षी कॅरिबियन बेटांवर सुट्टी घालवण्यास जातात. शुभ्र वाळूवर पडून राहावे, कोवळे ऊन अंगावर घ्यावे, निळ्या पाण्यात डुंबावे आणि परत यावे, अशी त्यांपैकी पुष्कळांची सुट्टीविषयीची कल्पना असते. हाही एक आनंदच आहे. पण एवढेच करून त्रिनिदादहून परतणे म्हणजे ग्रंथालयात जाऊन केवळ बाकावर विसावा घेऊन परतण्यासारखे आहे. मग या बेटावर जाणाऱ्या पाहुण्याने काय पाहावे, आणि ते कसे पाहावे?

प्रथम निसर्गाने निर्माण केलेले एक नवल पाहू. त्रिनिदादच्या नैर्ऋत्य भागात ला ब्रेआ नावाचे गाव आहे. तेथे सुमारे १०० एकरांचे एक सरोवर आहे. परंतु त्यात पाणी नाही, डांबर आहे! वाटाड्याला बरोबर घेऊन या सरोवरावरून चक्क चालता येते. पृष्ठभाग हत्तीच्या कातडीसारखा करडा व सुरकुतलेला दिसतो. काही ठिकाणी तो टणक असतो, तर काही ठिकाणी इतका मऊ की पाऊल रुतावे. म्हणूनच वाटाड्याने दाखवलेली वाट सोडू नये. भूगर्भातील खनिज तेल खडकांच्या भेगांतून वर येते. त्यातील हलका अंश उडून जातो आणि माती व पाणी यांत मिसळलेला जड अंश मागे राहतो. तेच हे डांबर. हे सरोवर स्थिर वाटले, तरी ते अतिशय मंद गतीने हालत असते. डांबर काढल्यामुळे पडलेला खड्डा हळूहळू आपोआप भरून येतो. इंग्रज दर्यावर्दी वॉल्टर रॅले १५९५ साली येथे आला, तेव्हा त्याने आपल्या गलबतांच्या फटी याच डांबराने बुजवल्या. पुढे हे डांबर दूरदूरच्या शहरांतील रस्त्यांवर पसरले गेले.

दुसरे स्थळ राजधानी पोर्ट ऑफ स्पेनच्या दक्षिणेस आहे. कॅरोनी नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे खारफुटीचे विस्तीर्ण वन आहे. दुपार कलली की सपाट बुडाच्या होड्या पाहुण्यांना घेऊन तेथील अरुंद खाड्यांमध्ये शिरतात. सूर्य मावळतीला आला की आकाशात लाल ठिपके दिसू लागतात. ते असतात किरमिजी शराटी पक्षी. आपल्याकडे तळ्यांच्या काठी बाकदार चोचीचे पांढरे शराटी दिसतात, त्यांचेच हे आप्त. थवेच्या थवे येऊन एका बेटकुळीवरील हिरव्या झाडांवर उतरतात आणि पाहता पाहता ती झाडे लाल फुलांनी डवरल्यासारखी दिसू लागतात. या पक्ष्याची पिल्ले जन्मतः लाल नसतात, ती करड्या-तपकिरी रंगाची असतात. चिखलातील खेकडे व कोळंबीसारखे जीव यांमध्ये एक रंगद्रव्य असते. ते अन्नावाटे पोटात जाऊन पिसांत उतरते आणि पक्षी लाल होतो. म्हणजे चिखल राहिला तर खेकडे राहतील, आणि खेकडे राहिले तर हा रंग राहील. हा त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी. तरीही मांसासाठी व पिसांसाठी त्याची चोरटी शिकार होत असे. म्हणून २०१८ साली त्याला कायद्याने विशेष संरक्षण देण्यात आले. होडी थव्यापासून दूरच उभी करतात, कारण एकदा बिथरलेला थवा रात्रीचा निवारा सोडून जातो. पाहुण्याने येथे मौन पाळावे.

तिसरा देखावा रात्रीचा आहे. मार्च ते ऑगस्ट या महिन्यांत ईशान्येकडील माटुरा आणि उत्तरेकडील ग्रांद रिव्हिएर येथील किनाऱ्यांवर चर्मपृष्ठ कासवांच्या माद्या अंडी घालण्यास येतात. जगातील सर्व कासवांत हे कासव मोठे असते. एकेका मादीचे वजन तीनशे किलोग्रॅमांहूनही अधिक भरते. हजारो किलोमीटरांचा प्रवास करून आलेली ही मादी आपले अवजड शरीर वाळूवरून ओढत वर येते. मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी ती खोल खड्डा खणते, ऐंशीच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते, आणि जागा ओळखू येऊ नये म्हणून भोवतालची वाळू विस्कटून टाकते. तिच्या डोळ्यांतून त्या वेळी पाणी झरत असते. ते अश्रू दुःखाचे नव्हेत. शरीरातील जादा क्षार बाहेर टाकण्याची ती नैसर्गिक योजना आहे. सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात आणि समुद्राच्या उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे धाव घेतात. किनाऱ्यावर दिवे असले, तर ती फसून भलतीकडेच जातात. म्हणूनच या किनाऱ्यांवर त्या काळात परवान्यावाचून प्रवेश नाही. पांढरा प्रकाश वर्ज्य असून वाटाड्याजवळ केवळ मंद तांबडा दिवा असतो.

पूर्वी याच किनाऱ्यांवर मांसासाठी कासवे मारली जात. १९९० च्या सुमारास माटुरा गावच्या रहिवाशांनी रात्रीचा पहारा सुरू केला आणि हळूहळू चित्र पालटले. ज्या गावात कासवांची हत्या होत असे, त्याच गावातील माणसे आज पाहुण्यांना कासवे दाखवून आपला चरितार्थ चालवतात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावीही ग्रामस्थांनी कासवांची अंडी राखण्याचे असेच काम केले आहे. सागर भिन्न असले, तरी शहाणपण एकच.

निसर्ग पाहून झाला की माणसांकडे वळावे. त्यासाठी थोडा इतिहास जाणून घ्यावा लागतो. त्रिनिदादमध्ये उसाचे मोठमोठे मळे होते व तेथे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांना राबवले जाई. १८३८ साली ते पूर्णपणे मुक्त झाले. तेव्हा मळेवाल्यांनी मजुरांसाठी हिंदुस्थानाकडे दृष्टी वळवली. ३० मे १८४५ रोजी फातेल रझाक नावाचे जहाज कलकत्त्याहून तीन महिन्यांपेक्षा अधिक प्रवास करून सव्वादोनशेच्या आसपास माणसे घेऊन येथे पोहोचले. त्यानंतर १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४३ हजार भारतीय करारबद्ध मजूर म्हणून या बेटावर आले. त्यांतील बहुसंख्य लोक आजच्या बिहार व उत्तर प्रदेश या भागांतील होते. कराराला इंग्रजीत ‘अॅग्रीमेंट’ म्हणतात. त्याचे ‘गिरमिट’ झाले आणि हे लोक ‘गिरमिटिये’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पुष्कळांना मायदेश पुन्हा दिसला नाही. आज त्या देशाची सुमारे एक-तृतीयांश लोकसंख्या भारतीय वंशाची आहे, आणि जवळजवळ तितकीच आफ्रिकी वंशाची. तेथील भारतीय घरांत वडिलांच्या वडिलांना ‘आजा’ व वडिलांच्या आईला ‘आजी’ म्हणतात. इतक्या दूर हा शब्द ऐकून मराठी माणसाला किती आपलेपणा वाटेल!

या लोकांच्या चिकाटीचे एक स्मारक वॉटरलू येथे आहे. शिवदास साधू हे उसाच्या मळ्यातील एक मजूर होते. त्यांनी समुद्रकाठी एक लहानसे मंदिर उभारले. परंतु ती जमीन साखर कंपनीची होती. मंदिर पाडण्यात आले आणि साधूंना चौदा दिवसांचा कारावास भोगावा लागला. ‘जमीन कंपनीची आहे, पण समुद्र तर कोणाच्याच मालकीचा नाही,’ असा विचार करून त्यांनी समुद्रातच मंदिर बांधण्याचा निश्चय केला. सायकलवरून दगड व सिमेंट आणावे, ओहोटीच्या वेळी भर घालावी, आणि भरतीने त्यातील काही वाहून न्यावे, असे वर्षानुवर्षे चालले. लोक हसले, तरी साधूंचे हात थांबले नाहीत. सुमारे पंचवीस वर्षे हे काम चालू होते. त्यांच्या मृत्यूनंतर १९९० नंतरच्या दशकात सरकारच्या साहाय्याने या मंदिराची पुनर्बांधणी झाली. आज पाहुणे समुद्रातील त्या वाटेवरून चालत मंदिरापर्यंत जातात. ती वाट तुडवताना, तिच्याखाली एका माणसाचे उभे आयुष्य पसरलेले आहे, हे विसरू नये.

आफ्रिकी वंशाच्या लोकांची कथाही अशीच आहे. मिरवणुकीत ढोल वाजवणे हा त्यांचा आनंद. परंतु १८८४ च्या सुमारास इंग्रज सरकारने त्यावर कडक निर्बंध घातले. तेव्हा लोकांनी बांबूचे तुकडे जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे १९३० नंतर बिस्किटांचे डबे आणि पत्र्याची झाकणे त्यांच्या हाती आली. पत्र्याला पोचा पडला की त्या जागेचा स्वर बदलतो, हे कोणाच्या तरी ध्यानात आले आणि त्यातून एक नवे वाद्य जन्मले. त्रिनिदाद हा खनिज तेलाचा देश. तेथे तेलाची रिकामी पिंपे मुबलक होती. पिंपाचे बूड हातोडीने ठोकून परातीसारखे खोलगट करतात आणि त्यावर निरनिराळ्या आकारांचे भाग पाडतात. मोठ्या भागातून खालचा स्वर निघतो, लहानातून वरचा. हेच ते ‘स्टीलपॅन’. १९५१ साली या वाद्यांचा एक वृंद लंडनच्या महोत्सवात गेला, तेव्हा टाकाऊ पिंपांतून निघणारे ते मधुर संगीत ऐकून श्रोते थक्क झाले. १९९२ साली ते राष्ट्रीय वाद्य झाले. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या आधी तेथे कार्निव्हल नावाचा मोठा उत्सव भरतो. त्याच्या आधीच्या काही आठवड्यांत वादकांच्या आवारांत रात्री सराव चालतो. तो ऐकण्याची संधी पाहुण्याने दवडू नये.

भूक लागली की रस्त्यावरच्या गाडीवर ‘डबल्स’ मागावे. हळद घातलेल्या दोन मऊ, तळलेल्या पुऱ्यांमध्ये मसालेदार चणे भरलेले असतात. पुरीला तेथे ‘बरा’ म्हणतात आणि चण्याला ‘चना’. भारतीय वंशाचे, आफ्रिकी वंशाचे, सारेच लोक गाडीपाशी उभे राहून ते चवीने खातात.

राजधानीतील क्वीन्स पार्क ओव्हल हे मैदानही मराठी पाहुण्याने अवश्य पाहावे. मार्च १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी विजय याच मैदानावर मिळवला. त्या सामन्यात दिलीप सरदेसाई यांनी शतक काढले, आणि सुनील गावसकर यांचा तो पहिलाच कसोटी सामना होता. गावसकरांनी त्या मालिकेत ७७४ धावा केल्या. पराभवाचा सल विसरून त्रिनिदादच्या एका लोकगायकाने त्यांच्या स्तुतीचे गीत रचले. प्रतिस्पर्ध्याचे गुण मोकळ्या मनाने गाणारे हे लोक थोर म्हटले पाहिजेत.

अखेरचे दोन दिवस टोबॅगोसाठी राखून ठेवावे. तेथे बुकू नावाच्या प्रवाळखडकावर तळाशी काच बसवलेल्या होड्यांतून समुद्रातील रंगीबेरंगी जग पाहता येते. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. असंख्य चिमुकल्या जीवांनी मिळून बांधलेले ते घर आहे. ते अतिशय सावकाश वाढते. त्यावर पडलेले एक बेसावध पाऊल अनेक वर्षांचे काम मोडून टाकते.

टोबॅगोच्या मध्यभागी डोंगरांच्या कण्यावर एक घनदाट अरण्य आहे. अठराव्या शतकात उसासाठी बेटावरील झाडे तोडली जात असता, ‘वृक्ष गेले तर पाऊसही जाईल’ असे इंग्लंडच्या पार्लमेंटचे सभासद सोम जेनिन्स यांनी कळकळीने सांगितले. अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर १३ एप्रिल १७७६ रोजी हे वन कायद्याने राखीव झाले. पश्चिम गोलार्धातील अशा रीतीने राखलेले हे सर्वांत जुने वन होय. १९६३ साली ‘फ्लोरा’ या चक्रीवादळाने त्याची मोठी हानी केली. परंतु कोणी कुऱ्हाड लावली नाही, म्हणून ते पुन्हा वाढले. आज त्याच्या सावलीत गुंजनपक्षी फुलांपुढे थरथरत उभे राहतात.

या सर्व स्थळांचा एकत्र विचार केला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. अरण्य टिकले, कारण कोणी तरी कुऱ्हाड आवरली. कासवे येतात, कारण कोणी तरी रात्री जागला. मंदिर उभे राहिले आणि पिंप गाऊ लागले, कारण कोणी तरी अन्यायापुढे हात टेकले नाहीत. पाहुण्याच्या वाट्याला येणारा आनंद असा दुसऱ्याच्या संयमाने व कष्टांनी सिद्ध झालेला असतो. म्हणून पाहुण्याने शंख-प्रवाळ उचलून आणू नयेत, घरट्यांजवळ जाऊ नये, माणसांची कथा विचारावी आणि ती आदराने ऐकावी. सुट्टी संपते, पाहुणा जातो. पण उद्या येणाऱ्या पाहुण्यासाठी ते बेट जसेच्या तसे राहिले पाहिजे. हा नियम त्रिनिदादपुरताच नाही. तुमच्या गावाजवळचा किल्ला, तळे किंवा समुद्रकिनारा पाहण्यास जाल, तेव्हाही तो ध्यानात ठेवा.