एकदमच पिकणारा टमाटा

नेहमीचा गोल टमाटा आडवा कापला की चार-पाच कप्पे दिसतात आणि त्यातला बियांचा चिकट रस पाटावर सांडतो. रोमासारखा लांबट टमाटा कापा. कप्पे दोन-तीनच, भिंती जाड, आणि सुरी जेमतेम ओली होते. पेस्टसाठी हाच गर कामाचा. फळात घन भाग 5 टक्के असेल, तर 1 किलो टमाटे 25 टक्के घनतेपर्यंत आटवल्यावर हाती 200 ग्रॅम पेस्ट येते. घन भाग 6 टक्के असला की तेवढ्यातच 240 ग्रॅम, आणि गॅसही कमी जळतो.

रोमा हे वाण अमेरिकेच्या कृषी खात्याने 1950 च्या दशकात तयार केलं. आपल्याकडे लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाचं ‘पंजाब छुहारा’ याच गुणाचं. छुहारा म्हणजे खारीक. फळाचा आकार नावातच आला.

दोन्ही झाडं बुटकी राहतात. उंच वाढणाऱ्या वेलवर्गी टमाट्याचा शेंडा थांबतच नाही. या जातींत शेंड्यालाच फुलोरा येतो आणि उंची तिथेच संपते. पुढची फुलं बगलफुटींवर लागतात. म्हणून इथे बगलफूट खुडायची नाही. ती खुडली तर फळंच खुडली. बहर जवळजवळ एकाच वेळी येत असल्याने बहुतेक फळं तीन-चार आठवड्यांत पिकून जातात. रोजच्या भाजीला ही अडचण, पण धाराशिवमध्ये तीच सोय ठरते.

इथला उन्हाळा चाळिशी ओलांडतो. पारा 35 अंशांच्या वर राहिला तर परागकण निकामी होऊन फुलं गळतात. तिशीच्या वर गेला की फळाला लाल रंग नीट चढत नाही. म्हणून सप्टेंबरच्या मध्यावर बी टाकावं आणि महिन्याभराने रोप लावावं. जानेवारीत फळं उतरतात आणि पाण्याची ओढ लागण्याआधी झाड मोकळं होतं.

रंगाची 20 लिटरची रिकामी बादली एका झाडाला पुरते. ती आधी स्वच्छ धुऊन बुडाला भोकं पाडावीत. नुसती काळी माती भरली तर ती वाळून भेगाळते. माती, कुजलेलं शेणखत आणि वाळू समभाग घ्यावी.

लांबट फळांच्या बुडाला पुष्कळदा काळा, सुकलेला डाग पडतो. लोक रोग समजून फवारणी करतात. खरं कारण फळाला कॅल्शियम कमी पडणं. आपल्या काळ्या मातीत चुना भरपूर असतो, पण तो पाण्याबरोबरच फळापर्यंत पोचतो. नळाला पाणी आलं त्या दिवशी बादली तुडुंब आणि नंतर चार दिवस कोरडी, असं झालं की डाग पडलाच. साठवणीतलं पाणी रोज थोडं द्यावं आणि वर सोयाबीनच्या भुसकटाचा दोन इंच थर पसरावा.

पाकिटावर ‘रोमा व्हीएफ’ लिहिलेलं असेल, तर मातीतल्या दोन मर रोगांना ते झाड तोंड देतं. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या, पानं मुरडणाऱ्या विषाणूपुढे मात्र त्याचा उपयोग नाही. रोपं लहान असताना बारीक जाळीखालीच ठेवावीत.

फळं पिकली की एका दुपारी सगळी शिजवा, चाळणीतून गाळा, जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर आटवा. चमचाभर पेस्ट ताटलीत घेऊन बोटाने मधोमध रेघ ओढा. रेघेत पाणी उतरलं नाही, की गॅस बंद करा.