रुळांचा हिशोब – लेखांक ६ : पाच टनांचा आस

गेल्या आठवड्यात ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) सारख्या हमीच्या रेल्वेंचा खर्च पाहिला. भांडवलावर पाच टक्के व्याज सरकार देणारच होतं, मग काटकसर करायची कुणी आणि कशासाठी? मैलाला ८,००० पौंडांचे सुरुवातीचे अंदाज सरासरी १८,००० पर्यंत चढले. आज त्याच्या उलट टोकाची, काटकसर हेच जिचं तंत्र होतं ती बार्शी लाइट रेल्वे घेऊ.

रेल्वे उभारायची म्हटलं की इंजिन केवढ्याला आणि डबा केवढ्याला, हे आधी विचारलं जातं. ही रेल्वे उभारणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉपने सुरुवात रुळापासून केली. हा इंग्रज १८८२ मध्ये जीआयपीत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून आला होता. (पुढे त्याने वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूटही काढलं. डोकं एका जागी न बसणाऱ्यांपैकी होता.) बार्शी ही कापसाची आणि धान्याची पेठ, पण जीआयपीचं स्टेशन २१ मैलांवर, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला. मधला प्रवास बैलगाडीचा.

रूळ किती जाड हवा, हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही. एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, जास्तीत जास्त किती भार येतो त्यावर ठरतं. बहुतेक छोट्या रेल्वेंत इंजिनाचा आस सर्वांत जड असायचा. त्याच्यासाठी जाड रूळ टाकायचा आणि मग त्यावरून दिवसभर निम्म्या भाराच्या वाघिणी पळवायच्या. रुळाला ओतलेला निम्मा पैसा वायाच. कॅलथ्रॉपने इंजिन असो वा वाघीण, प्रत्येक आसावर पाच टनांची एकच मर्यादा घातली. लीड्सच्या किट्सन कंपनीने बांधलेल्या इंजिनांचं वजन एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांवर पसरलं. वाघिणींचे सांगाडे दाबून घडवलेल्या पोलादाचे केले, म्हणजे वजनाने हलके. सांगाड्यात वाचलेल्या प्रत्येक किलोच्या जागी भाडं देणारा माल बसतो आणि रिकामं लोखंड ओढण्यात जाणारा कोळसाही वाचतो.

यातून रुळाचं वजन यार्डाला ३० पौंडांवर आलं. आपल्या मापात मीटरला साधारण १५ किलो. दोन रूळ धरले तर किलोमीटरला ३० टन पोलाद, आणि कुर्डुवाडी ते बार्शी सगळं मिळून हजार टनांच्या आसपास. आजचा ६० किलोचा रूळ टाकायचा तर तेवढ्याच अंतराला चौपट लागेल. बार्शीच्या अडीच फुटी गेजमुळे (दोन रुळांमधल्या अंतरामुळे) रेल्वे स्वस्त झाली असं सरसकट म्हटलं जातं. मला तरी त्यात गेजपेक्षा आसाचं श्रेय जास्त वाटतं.

१८९७ मध्ये गाडी सुरू झाली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज गाठलं.

आता चालवण्याचा खर्च, आणि इथे बचतीचं दुसरं अंग दिसतं. जीआयपी ब्रॉडगेज आणि बार्शी अडीच फुटी, त्यामुळे कुर्डुवाडीला प्रत्येक गाठ, प्रत्येक पोतं एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावं लागे. हमाली, खोळंबा, फाटलेली पोती, चोरी. बांधकामाच्या खर्चात यातलं काही दिसत नाही, कारण ते रोज थोडं थोडं जातं. शिवाय वेगळं गेज म्हणजे सगळं स्वतःचं: स्वतःची इंजिनं, स्वतःचे सुटे भाग, कुर्डुवाडीला स्वतःचा कारखाना.

त्यात आषाढी-कार्तिकीची गर्दी. तेवढ्या चार दिवसांसाठी डबे विकत घेऊन ठेवायचे तर वर्षभर ते उभेच राहणार. न घ्यावेत तर वारकरी फलाटावर. ब्रॉडगेजवाला अशा वेळी शेजारच्या विभागाकडून डबे मागवतो. इथे शेजारच नव्हता. देशभरच्या रेल्वे कंपन्या यात्रेकरूंना मालडब्यांत कोंबत, त्यामागे हाच हिशोब होता. हिशोब म्हणून तो चोख, पण आत बसणाऱ्याचे हाल त्यात कुठेच धरलेले नव्हते.

१९५४ मध्ये सरकारने ही रेल्वे विकत घेतली. तोवर मोटार ट्रकशी गाठ पडलीच होती, आणि व्यापाऱ्याच्या दारात भरलेला ट्रक मुंबईपर्यंत मध्ये कुठेच उतरवावा लागत नाही. शेवटी या शतकाच्या सुरुवातीला टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झालं. म्हणजे रूळ, पूल, भराव, सगळ्यावर पुन्हा एकदा खर्च.

त्या खर्चाचं फळ लातूरला एप्रिल २०१६ मध्ये दिसलं. दुष्काळात मिरजेहून पाण्याची गाडी निघाली ती याच जुन्या मार्गाने, पंढरपूर-कुर्डुवाडी करत. टाकीवाघिणी आल्या होत्या थेट राजस्थानातल्या कोट्याहून. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत पाच लाख लिटर, म्हणजे एकेका वाघिणीत नुसत्या पाण्याचंच वजन ५० टन. कॅलथ्रॉपच्या चार आसांच्या वाघिणीला स्वतःच्या वजनासकट २० टनांवर थांबावं लागलं असतं.