टिळकांचे अभंग आणि एकांतातील प्रार्थना

ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यापूर्वीची पुष्कळशी मराठी ख्रिस्ती गीते इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरे होती. टिळकांनी अभंग योजला. हा बदल केवळ छंदाचा नव्हे. उपासनामंदिरात पुस्तक व पाळक असतात. जात्यावर, बांधावर वा निजताना माणूस एकटाच असतो. तेथे मुखोद्गत अभंगच त्याची प्रार्थना होतो.

जळगाव-धुळे परिसराची स्थिती मात्र वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने कार्य केलेल्या या खानदेशात अहिराणी, भिली या घरच्या बोली आहेत. प्रमाण मराठीतील अभंग येथे पाठांतराने येतो. संकटातले मागणे स्वाभाविकपणे बोलीतच उमटते. ते लिखित नसल्याने वाङ्मयेतिहासात नोंदले जात नाही. त्याचे संकलन झाल्याखेरीज मराठी ख्रिस्ती भक्तिवाङ्मयाचे चित्र अपूर्णच राहील.